गावंडे बाबूंचं ऑब्झर्वेशन

माणूस आजारी आहे, याचा दाखला कुठल्याही दवाखान्यात अर्ध्या तासात मिळतो. माणूस आजारी नाही, याचा दाखला मागायला गेलं की मात्र सगळ्यांची पंचाईत होते. आसेगावच्या शालिग्राम गावंडे यांना हे ज्ञान वयाच्या एकसष्टाव्या वर्षी झालं. तेही कशापायी, तर बायकोला समुद्र दाखवायचा म्हणून.

गावंडे एका सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले होते, त्यामुळे गावात त्यांना सगळे गावंडे बाबू म्हणत. कचेरीत त्यांच्या टेबलावरून कागद सहसा पुढे सरकत नसे, आणि सरकलाच तर त्याच्यावर शेरा असे. घरीही तीच पद्धत. लग्न झालं त्या वर्षी रुख्मिणीबाई एकदा म्हणाल्या होत्या, "मले एकडाव समुद्र पाह्यचा हाय." बाबूंनी त्यावर "पाहू" असा शेरा मारला. ते प्रकरण पस्तीस वर्षं "पाहू"वरच पडून होतं.

शेवटी मुलीनंच ते निकाली काढायचं ठरवलं. रूपाली मुंबईत नोकरीला होती. आईबाबांच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतात म्हणून तिनं दोन तिकिटं काढली आणि बाबांच्या मोबाइलवर पाठवली. बंदराजवळ एक त्रेसष्ट मजली इमारत नवी उभी राहिली होती. तिच्या सगळ्यात वरच्या मजल्याला चारी बाजूंनी काच, आणि तिथून समुद्र, जहाजं, सगळं शहर बघायचं, एवढंच काम. नुसतं बघण्याचे पैसे घेतात हे बाबूंना पटलं नाही, पण ते मुलीनं दिले होते. तिकिटावर त्या जागेचं नाव होतं, ऑब्झर्वेशन डेक. तिथं 'समुद्रदर्शन' असं छापलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मोबाइलमधल्या तिकिटावर बाबूंचा विश्वास नव्हता. कागद हातात पाहिजे आणि त्याच्या तीन प्रती पाहिजेत, हे तत्त्व त्यांनी निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. म्हणून ते बसथांब्याजवळच्या हिरालालच्या ऑनलाइन केंद्रात गेले. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, सगळ्या आसेगावचं नशीब हिरालालच्या प्रिंटरमधून बाहेर पडतं. छापता छापता ते वाचायची त्याला सवय आहे, आणि त्याचे तो वेगळे पैसे घेत नाही.

हिरालालनं वाचलं. ऑब्झर्वेशन. मजला त्रेसष्ट. अडल्ट दोन. रिपोर्टिंग टाइम साडेचार. मूळ आधार कार्ड सोबत आणणे. कोणत्याही कारणाने रक्कम परत मिळणार नाही.

आता आसेगावात ऑब्झर्वेशन या शब्दाला एकच अर्थ आहे. डॉक्टरला सरळ काही सांगायचं नसतं तेव्हा तो म्हणतो, ऑब्झर्वेशनमध्ये ठेवू. मग गावात फोन येतो, "ऑब्झर्वेशनमदी ठेवलं," आणि फोन घेणारा आधी बसायला जागा शोधतो. मागच्या पाच-सात वर्षांत गावातले जे जे ऑब्झर्वेशनमध्ये गेले, त्यांतल्या निम्म्यांच्या तेरवीला हिरालाल जेवून आला होता. अडल्ट दोन म्हणजे एक पेशंट आणि एक सोबतीला. साडेचारला रिपोर्ट. आणि पैसे परत नाहीत, म्हणजे काय ते समजून घ्यावं.

त्यानं कागद नीट सरळ करून बाबूंच्या हातात दिले.

"किती झाले?" बाबूंनी विचारलं.

"राहू द्या बाबू."

"काहून? तीन प्रती हायत."

"राहू द्या म्हनलं ना. तब्येतीले जपा."

सख्ख्या सासऱ्याकडून झेरॉक्सचे दोन रुपये घेणारा हा माणूस. तो पैसे सोडतो म्हणजे काहीतरी भयंकर घडलं आहे, हे बाबूंनी तिथेच ओळखायला हवं होतं. त्यांना वाटलं, ज्येष्ठ नागरिकाचा मान ठेवतो आहे. ते खूश होऊन घरी आले.

तासाभरात शेजारचे धरमसिंग आले. धरमसिंग एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा. आज मात्र ते दबक्या आवाजात बोलत होते आणि हातात सहा मोसंब्या होत्या.

"कवा जाचं हाय?"

"अठरा तारखेले."

"त्रेसष्टाव्या माळ्यावर म्हने हिरालाल."

"हो. लय उंच हाय. तिथून सगळं दिसते म्हनतात."

धरमसिंगांनी मान खाली घातली. "दिसत असंल बाप्पा." मग मोसंब्या पुढे करत म्हणाले, "हे डेक काय असते बाबू? हिरालाल म्हने, आयसीयूच्या वरचं असते."

तेव्हा कुठे बाबूंच्या डोक्यात प्रकाश पडला. ते मोठ्यानं हसले, धरमसिंगांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. इमारत, काच, समुद्र, रूपालीचं तिकीट, पस्तीस वर्षं. धरमसिंगांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलं. मग उठले, दाराशी जाऊन रुख्मिणीबाईंना हळूच, म्हणजे बाबूंना नीट ऐकू येईल इतक्याच हळूच, म्हणाले, "त्याईले सांगतलं नाई वाटते अजून. बरं केलं वहिनी."

इथेच बाबूंचं प्रकरण बिघडलं. आपल्याकडे आजाराचं नाव पेशंटला सांगायची पद्धत नाही. ते पाहुण्यांना सांगतात, पाहुण्यांच्या पाहुण्यांना सांगतात, बसमध्ये शेजारी बसलेल्याला सांगतात. पेशंटला सांगतात की ॲसिडिटी आहे. त्यामुळे जो माणूस 'मला काहीही झालेलं नाही' असं म्हणतो, त्याला काय झालं आहे याबद्दल कोणाच्याच मनात शंका उरत नाही. बाबू जितक्या तावातावानं सांगत तितके ऐकणाऱ्याचे डोळे भरून येत. ते चिडले की लोक म्हणत, स्वभाव बदलला. हसले की म्हणत, उसनं अवसान आहे. गप्प बसले की म्हणत, समजलं बिचाऱ्याले.

दोन दिवसांत घराला भेट देणाऱ्यांची रीघ लागली. कोणी गुळवेलाचा काढा सांगितला, कोणी कारल्याचा रस. एकीनं मंगरूळपीरच्या दर्ग्यावर चादरीचा नवस बोलायला सांगितलं आणि जाताना स्वतःच बोलून गेली. एका गृहस्थाचं मत असं पडलं की मुंबईपेक्षा नागपूर बरं, तिथं डॉक्टर निदान आपली भाषा बोलते. दुसऱ्यानं तिकिटाची प्रत चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "एकच घंटा ऑब्झर्वेशन ठेवून राह्यले. एवढ्यात काय समजते?" त्यावर पहिला म्हणाला, "मोठे डॉक्टर हायत ते. त्याईले घंटा पुरते." बाबू समोरच बसले होते. त्यांना कोणी विचारलं नाही.

ज्या माणसानं तीस वर्षं गावाचे अर्ज तपासले, चुका काढल्या, परत पाठवले, त्याच्यावर गावानं कधी काडीचं प्रेम केलं नव्हतं. आता मात्र सकाळी दूध घालणारा पाव लिटर जास्त घालून जाई. बाबूंना याचाच राग होता. धडधाकट असताना जो मान मिळाला नाही तो मरायला टेकल्यावर मिळावा, आणि तोही न टेकता, यापरता अपमान कोणता.

चौथ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हिरालालनं बाबूंचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'आमचे मार्गदर्शक गावंडे बाबू यांना लवकर बरे वाटो.' हेतू चांगला होता. पण त्याच्याकडे बाबूंचा एकच फोटो होता, निवृत्तीच्या निरोप समारंभातला. त्यात बाबूंच्या गळ्यात गुडघ्यापर्यंत हार होता आणि त्यांनी डोळे मिटले होते. दुपारपर्यंत त्या फोटोखाली हात जोडलेल्या चिन्हांच्या तीन रांगा लागल्या. संध्याकाळी रिसोडहून बाबूंच्या मावसभावाचा फोन आला. फोन बाबूंनीच उचलला. "कोन बोलून राह्यलं?" मावसभावानं रडवेल्या आवाजात विचारलं. "शालिग्राम," बाबू म्हणाले. तिकडे फोन हातातून पडल्याचा आवाज आला.

बाबूंना फार राग आला की त्यांची भाषा कचेरीची होत असे. त्यांनी ग्रुपवर खुलासा टाकला : 'सदर वृत्त निराधार असून अधोस्वाक्षरीकर्ता पूर्णतः निरोगी आहे, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.' संबंधितांनी नोंद घेतली. खाली पहिलाच प्रतिसाद आला, 'हिंमत सोडू नका बाबू.'

या सगळ्या गदारोळात रुख्मिणीबाई काहीच बोलत नव्हत्या, आणि खरं तर तीच काळजी करण्यासारखी गोष्ट होती. त्याचं असं झालं होतं की तिकिटं पाठवण्याच्या आठ दिवस आधी रूपालीनं आईला फोन केला होता. "आई, बाबांना घेऊन मुंबईला यायचंय. कशासाठी ते त्यांना आत्ता सांगू नको," ती म्हणाली होती. गंमत राहावी म्हणून तिनं कारण आईलाही सांगितलं नव्हतं. त्याच्या आधीच्या महिन्यात बाबूंची साखर तपासली होती आणि तो रिपोर्ट रूपालीनं मागवून घेतला होता. रुख्मिणीबाईंना हे सगळं आठवलं. ज्या माणसानं पस्तीस वर्षांत आपल्याला लग्नकार्य आणि शेगाव सोडून कुठं नेलं नाही, तो एकाएकी समुद्र पाहायला कसा निघाला, हेही मनात आलं. परसात जाऊन त्यांनी रूपालीला फोन लावला. रूपाली खळखळून हसली. "अगं आई, खरंच नुसता समुद्र बघायचाय." पोरगी एवढी हसते म्हणजे रडू दाबते आहे, हे आईला कळणार नाही तर कोणाला कळणार.

त्यानंतर त्यांनी बाबूंवर ओरडणं बंद केलं. पलंगावर ओला टॉवेल टाकला तरी त्या तो मुकाट्यानं उचलत. चहात साखर दोन चमचे. पोळीवर तूप. बाबू बादली उचलायला गेले तर म्हणत, "राहू द्या, मी उचलते." पहिले दोन दिवस बाबूंना हे फार आवडलं. तिसऱ्या दिवशी जरा विचित्र वाटलं. पाचव्या दिवशी ते एकटे असताना स्वतःची नाडी पाहू लागले. चारशे घरांच्या गावाला जे ठाऊक आहे ते आपल्यालाच ठाऊक नसेल तर? पद्धतच तशी आहे. आपणही धाकट्या काकांना शेवटपर्यंत ॲसिडिटीच सांगितली होती.

मग त्यांनी ठरवलं की यावर कागदाशिवाय इलाज नाही. ते मंगरूळपीरला एका खाजगी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी छाती, पाठ, जीभ, सगळं तपासलं आणि म्हणाले, "काहीच नाही. ठणठणीत आहात."

"तसं लिहून द्या."

"कशासाठी?"

"मी ठणठणीत हाय म्हनून."

डॉक्टरांनी कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरनं फाइल काढली. रजेसाठीचा नमुना होता, गाडी चालवण्याच्या परवान्यासाठीचा होता, नोकरीत रुजू होण्याचा होता, यात्रेचा होता. नुसताच बरा असल्याचा नमुना नव्हता. "बऱ्या मान्साले सर्टिफिकेट कायले लागते?" कंपाउंडरनं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. बाबूंनी स्वतः तीस वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत लोकांना विचारला होता. नमुना नाही म्हणजे गोष्ट नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला पटणार? शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर कंपाउंडरनं जवळात जवळचा नमुना काढला आणि डॉक्टरांनी त्यावर सही केली : 'श्री. शालिग्राम गावंडे हे प्रवास करण्यास योग्य आहेत.'

हा दाखला बाबूंनी हिरालालच्या दुकानासमोर सर्वांना दाखवला. तो हातोहात फिरला. धरमसिंगांनी दोनदा वाचला. मग सगळे जरा बाजूला गेले आणि बाबूंच्या कानावर पडलं ते असं : "इथल्या डॉक्टरनं हात वर केले. मुंबईपावतर टिकतीन म्हनते."

सगळ्याचा कडेलोट केला तो मेहुण्यानं. रुख्मिणीबाईंचे भाऊ रामराव जऊळक्याला असत. आठ वर्षांपूर्वी रामरावांच्या मुलाच्या लग्नात मोठ्या जावयाला पँट-शर्टचं कापड आणि गावंडे बाबूंना नुसती टॉवेल-टोपी असा आहेर झाला होता. तेव्हापासून दोघांत अबोला होता. बाबूंनी तो अबोला मोठ्या निगुतीनं जपला होता. एक ना एक दिवस रामराव ओशाळून दारात येतील, आपण दोनदा नाही म्हणू आणि तिसऱ्यांदा मोठ्या मनानं माफ करू, हे चित्र त्यांनी मनात किती वेळा रंगवलं होतं त्याला गणती नाही.

रामराव आले. हातात पँट-शर्टचं कापड, उपरणं आणि टोपी. आल्या आल्या त्यांनी बाबूंचे पाय धरले.

"चुकलं भाऊजी. मनात काई ठेवू नका."

"अहो पन मी धडधाकट हाय."

"असू द्या. हे घ्या."

"रामराव, मले काई झालं नाई. मी समुद्र पाह्यले चाललो."

"पाहा ना भाऊजी. सगळं पाहा." रामरावांनी कापड पुढे केलं. "फकत हे घ्या. मंग द्याचं राहून जाईन."

दारात रुख्मिणीबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. बाबूंनी कापड घेतलं. आठ वर्षं सांभाळलेलं भांडण असं कोणाच्या दयेपोटी मिटावं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की दोनदा नाही म्हणायचंही राहून गेलं. कापड चांगलं भारी होतं, हे आणखी लागलं.

सतरा तारखेला सकाळी निघायचं होतं. बसथांब्यावर निम्मं गाव आलं होतं. धरमसिंगांनी आपलं जुनं वजन वापरून कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे बाबूंना पुढची सीट मिळाली. खिडकीच्या वर लिहिलं होतं, 'अपंगांसाठी राखीव'. बाबू म्हणाले, मी मागं बसतो. चार जणांनी त्यांना खांद्याला धरून अलगद बसवलं. बस निघाली तेव्हा बायका रुख्मिणीबाईंच्या खिडकीशी धावत आल्या, आणि रुख्मिणीबाई त्यांच्याकडे न बघता समोर बघत राहिल्या.

"सावकाश घे," कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला, "पेशंट हाय." ड्रायव्हर सज्जन होता. त्यानं प्रत्येक खड्ड्याला गाडी थांबवून मग उतरवली. या रस्त्यावर खड्ड्याला थांबायचं म्हटलं तर चालायला रस्ता उरत नाही. मंगरूळपीरला पुढची बस चुकली. अकोल्याला पोचले तेव्हा मुंबईची गाडी लागलेली होती आणि त्या पेशंटला दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना पळत चढावा लागला. डब्यात बसल्यावर बाबू दहा मिनिटं धापा टाकत होते. रुख्मिणीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पण डब्यात ओळखीचं कोणी नव्हतं. त्यांच्याकडे कोणी कळवळून पाहत नव्हतं. उलट एकानं पाय आवरा म्हणून खेकसून सांगितलं. बारा दिवसांत पहिल्यांदा बाबूंना निरोगी वाटलं.

मुंबईत रूपाली घ्यायला आली. तिच्या खोलीवर अंघोळी झाल्या, जेवणं झाली. आई आपल्या तोंडाकडे सारखी का बघते ते तिला कळेना. दुपारी टॅक्सीनं तिनं दोघांना त्या इमारतीपाशी आणलं. "मी खालीच थांबते. तुमचं दोघांचं तिकीट आहे," ती म्हणाली. रुख्मिणीबाईंनी मान वर करून इमारत पाहिली. वर पाहता पाहता डोक्यावरचा पदर घसरला तरी इमारत संपली नव्हती.

आत गार होतं, फरशी चकचकीत होती, आणि निळ्या कपड्यांतल्या मुली हळू आवाजात बोलत होत्या. पहारेकऱ्यानं रुख्मिणीबाईंची पिशवी उघडायला लावली. त्यातून थर्मास निघाला, पातळ चादर निघाली, बाबूंचे धुतलेले दोन जोड कपडे, टॉवेल, आणि रबर लावलेली रिपोर्टांची फाइल. "माताजी, ये सब अंदर नहीं जाएगा," तो म्हणाला.

"त्याईचे कपडे तरी राहू द्या," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "मंग घालाले लागतीन."

पिशवी कपाटात गेली. दोघांच्या मनगटाला कागदी पट्टी चिकटवली, तिच्यावर नंबर होता. रुख्मिणीबाईंनी बाबूंची पट्टी पाहिली आणि स्वतःचा हात पदराखाली घेतला. मग खिडकीवरच्या मुलीनं एक फॉर्म पुढे केला. तो मराठीत होता, तेच वाईट झालं. 'हृदयविकार, रक्तदाब, फेफरे वा तत्सम व्याधी असलेल्या व्यक्तींनी स्वतःच्या जबाबदारीवर वर जावे. कोणताही अनुचित प्रकार घडल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. सोबतच्या व्यक्तीची सही.'

बाबूंनी तो वाचला आणि मसुदा नीट आहे असं मनातल्या मनात कबूल केलं. स्वतःची सही ठोकून त्यांनी पेन रुख्मिणीबाईंकडे दिलं. त्या सही पूर्ण नावानं करतात. 'रुख्मिणी' झालं. मग 'शालि' झालं, आणि पेन थांबलं. मागे रांग लागली होती.

"काय झालं?" बाबूंनी विचारलं.

"काई नाई. शाई येत नाई."

शाई येत होती. हात चालत नव्हता. बाबूंनी तो हात पाहिला आणि त्यांना एकदम स्वतःचीच लाज वाटली. बारा दिवस ते आपल्या मानाचं घेऊन बसले होते. हिरालालला समजावलं, धरमसिंगांना समजावलं, मावसभावाला समजावलं, ग्रुपला खुलासा दिला, दाखला आणला. घरात जी बाई गप्प बसली होती, तिला ते एकदाही शेजारी बसवून बोलले नव्हते. ती गप्प आहे म्हणजे तिला पटलं आहे, अशी त्यांनी परस्पर नोंद करून टाकली होती.

"आयक," ते म्हणाले. "मले काई झालं नाई. खरं सांगून राह्यलो."

"मी कुठं काय म्हनलं?" रुख्मिणीबाईंनी खाली बघतच सही पुरी केली. "चला. नंबर जाईन. मी हाय सोबत."

लिफ्टमध्ये कानांना दडे बसले. रुख्मिणीबाईंनी बाबूंचा दंड दोन्ही हातांनी धरला होता, इतका घट्ट की लिफ्ट तुटली असती तरी बाबू तिथेच राहिले असते. दार उघडलं. समोर उजेडच उजेड होता. पोरं पळत होती, कोणी आइस्क्रीम खात होतं, नवी लग्न झालेली जोडपी मोबाइल लांब धरून फोटो काढत होती. रुख्मिणीबाई दारातच थांबल्या. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"खाटा कुठं हायत?"

"खाटा नाईत."

त्यांना ते पटलं नाही. दंड न सोडता त्यांनी बाबूंना सगळ्या मजल्याची एक पूर्ण फेरी घालायला लावली. प्रत्येक बंद दार त्यांनी नीट पाहिलं. एक दार स्वच्छतागृहाचं निघालं, दुसरं झाडू ठेवायचं. फेरी जिथून सुरू झाली होती तिथेच संपली.

"इथं कोनीच बिमार नाई?"

"कोनीच नाई."

"तुमी बी नाई?"

"नाई."

रुख्मिणीबाईंनी दंड सोडला. मग चांगल्या मोठ्या आवाजात, शेजारचं जोडपं वळून बघेल इतक्या, त्या म्हणाल्या, "मंग आंधी नीट सांगाले काय झालं होतं तुमाले? बारा दिवस झाले, जेवन गोड लागलं नाई मले. तो ओला टॉवेल उचलू उचलू कंबर गेली माही. साखर दोन दोन चमचे खाऊन राह्यले, लाज नाई वाटली?" बारा दिवसांचं राहिलेलं सगळं त्यांनी तिथे उभ्या उभ्या पुरं केलं. बाबू मान खाली घालून ऐकत होते. इतकं बरं त्यांना कुठल्याच काढ्यानं वाटलं नसतं.

मग रुख्मिणीबाईंनी डोळे पुसले आणि काचेपाशी गेल्या. तिथे एकाच माणसापुरती जागा होती. खूप खाली बंदर होतं, बोटी होत्या, आणि त्यांच्या पलीकडे नजर जाईल तिथवर पाणी. "बापा," त्या म्हणाल्या, "याले काठच नाई." मग दोन्ही तळवे काचेला टेकवून त्या बघत राहिल्या. बाबू मागे उभे होते. त्यांना बायकोच्या अंबाड्यापलीकडे थोडंसं आभाळ दिसत होतं. आपण नंतर पाहू, असं त्यांनी ठरवलं.

"जरा टेकते," म्हणून रुख्मिणीबाई मागच्या बाकावर बसल्या, आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला. मान एका बाजूला कलली, हात मांडीवर उघडा पडला. बारा दिवसांची झोप होती. पश्चिमेकडचं ऊन काचेतून थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. बाबू सरकले आणि ऊन अडेल असे बाकापुढे उभे राहिले.

एवढ्यात फोन वाजला. त्यांनी घाईघाईनं तो उचलला. रामराव होते, आणि त्यांच्या मागे बऱ्याच माणसांचा गलका ऐकू येत होता.

"भाऊजी, साडेचार कवाचे वाजून गेले. काय आला रिपोर्ट?"

'सदर वृत्त निराधार' हे शब्द बाबूंच्या ओठांवर आले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या पापण्या जरा हलल्या होत्या.

"चांगला हाय," ते कुजबुजले.

"काय? जोरानं बोला."

"जोरानं नाई बोलता येत." बाबूंनी फोन अगदी तोंडाशी धरला. "रिपोर्ट नॉर्मल हाय रामराव. सुट्टी देऊन राह्यले. सांगा सगळ्याईले."

तिकडे रामराव मोठ्यानं ओरडले, आणि जऊळक्यात कोणीतरी रडायला लागलं. बाबूंनी फोन बंद करून खिशात टाकला. निळ्या कपड्यांतली मुलगी हातातल्या घड्याळाकडे बोट दाखवत जवळ आली. वेळ संपली होती. बाबूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताची पाच बोटं दाखवली. मुलीनं बाकाकडे पाहिलं आणि ती परत गेली. सगळा समुद्र पाठीमागे ठेवून गावंडे बाबू तसेच उभे राहिले. ऊन खाली उतरत होतं तसे ते थोडे थोडे वाकत होते.